पेट्रोलचा काटा मी दुरुस्त केला, पण…

मैत्रिणींनो, चिडून लिहितेय. हात अजून काळेच आहेत.

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कित्येक दिवस तळाशीच पडून होता. टाकी भरली तरी ढिम्म हलायचा नाही. मी सायखेड्याला माहेरी निघाले, की सासरे म्हणायचे, "वाटेत द्वारकेच्या चौकात पेट्रोल संपलं तर काय करशील?"

आज व्हिडिओ बघून मीच बसले. आधी बॅटरीची वायर काढली, मग मागची सीट उचलली. खाली टाकीवर काट्याच्या वायरीचा प्लग होता, त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पॉलिश पेपरने घासल्या, प्लग घट्ट बसवला, बॅटरी जोडली.

"बाबा, किल्ली फिरवा!"

काटा हळूहळू अर्ध्यावर चढला. मी टाळ्याच वाजवल्या.

"वा, सूनबाई! मेकॅनिक झालीस की," म्हणत बाबांनी किल्ली काढली आणि नेहमीसारखी शर्टाच्या खिशात टाकली.

"मग मी निघू?"

"अगं, द्वारकेला केवढं ट्रॅफिक असतं! रविवारी तुझा नवरा नेईल ना तुला."

लायसन्स माझं आहे. काटाही आता चालतो.

तुमच्या घरी गाडीची किल्ली कोणाच्या खिशात असते?