गुरुवारचा भराव

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, दोन्ही हातांनी उचलायची, रस्त्यावर एकदाच आपटायची आणि मान तिरपी करून ऐकत राहायचं, ही आमच्या रस्ते खात्यातल्या काकांची सवय. मग निकाल लागायचा. "बोलते, साहेब," किंवा "मुका हाय." बोलतो तो रस्ता आतून पोकळ, मुका तो भरीव. मी नवीनच अभियंता होऊन महागाव तालुक्यात आलो होतो, राळेगावकडचा सपाटीचा माणूस. त्या दोन आवाजांतला फरक मला दोन वर्षं कळला नाही. कळतो असं मात्र मी पहिल्या दिवसापासून दाखवत होतो.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खाकी सदरा, डोक्याला दुपट्टा, वळणावर उकिडवा बसून गवत काढणारा. आपण हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. आमच्या खात्यात त्याला मैलकुली म्हणतात. रस्त्याचा एक तुकडा त्याच्याकडे असतो आणि त्यावरचा खड्डा, झाड, मोरी सगळं त्यानेच पाहायचं असतं. काकांकडे घाटातली अकरा वळणं होती आणि त्यांचा बंजारा तांडा घाटाच्या माथ्यावर. घरी गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी, आणि माझ्याशी साहेबी मराठीचा एक प्रयत्न, जो दुसऱ्या वाक्याला संपायचा.

उन्हाळा लागला की ते तांड्यात घरोघर फिरत. कापूस निघाल्यावर लोक पऱ्हाटी उपटतात आणि जळणासाठी नाल्याच्या काठी रचून ठेवतात. पाणी आलं की तीच पऱ्हाटी वाहत जाऊन रस्त्याखालच्या मोरीत अडकते. काका एकेकाला आपला ढीग उचलायला लावत. एका म्हातारीने त्यांना भर चौकात शिव्या घातल्या, तर म्हणाले, "शिव्या दे, पण ढीग उचल." तिने दोन्ही केलं.

त्या वर्षी वैशाखातच वादळ आलं. मी रस्त्याची एक भेग पाहायला वर गेलो होतो. रविवारची दुपार. आधी वारा, मग गारा, मग असा पाऊस की समोरचा माणूस दिसेना. तासाभरात सातव्या वळणावरची मोरी चोंदली, पाणी रस्त्यावरून गेलं आणि जाताना रस्ताच घेऊन गेलं. ट्रक मावेल एवढं भगदाड पडलं. तांड्याच्या पलीकडच्या अंगाला डोंगराचा एक तुकडा घसरून रस्त्यावर बसला. दोहोंच्या मध्ये तांडा आणि तांड्यात मी.

पाच दिवस मी शाळेच्या खोलीत झोपलो आणि काकांकडे जेवलो. मी चांगला पाहुणा नव्हतो. फोनची रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर यायची. तिथे उभा राहून मी कार्यालयावर ओरडायचो आणि परत येताना वाटेतल्या कोंबड्यांवर. आपण अडकलोय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. खरं कोण अडकलंय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

काकांची बायको भिंतीला टेकून बसलेली असायची. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, काका तिला डायलिसिसला यवतमाळला नेत. त्या दिवशी सोमवार होता. एवढ्या उन्हाळ्यात ती डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी एका छोट्या तांब्यात काढून ठेवायची आणि घोट घोट पुरवायची. आम्हाला मात्र पेला रिकामा दिसला की लगेच भरायची.

मंगळवारी तिला बाजेवर घालून नाल्यातून उतरवायचं ठरलं. आडवी झाली की तिचा श्वास कोंडायचा. म्हणून खुर्चीला बांबू बांधले. नाल्याला लोंढा होता आणि उतार चिखलासारखा सरकत होता. पुढचे दोघं कमरेपर्यंत रुतले, खुर्ची कलली, तेव्हा काकांनीच परत फिरवलं. ती खुर्चीचे हात धरून डोळे मिटून बसली होती.

बुधवारी खालून जेसीबी, टिप्पर आणि रोलर आले. नवे पाइप टाकून त्यावर भराव करायचा होता. काका दोर धरून खाली उतरले आणि जुन्या मोरीतली पऱ्हाटी ओढून काढू लागले. मी काठावर उभा होतो. एक पेंढी हातात घेऊन ते बराच वेळ थांबले. पेंढीला निळी नायलॉनची दोरी होती. ते वर आले आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "मोरीत मायी पऱ्हाटी होती, साहेब. साऱ्यायची उचलाले लावली. मायीच राह्यली. यवतमाळच्या चकरा चालू होत्या, याद नाई राह्यली. रिपोर्टात लिवा."

मी लिहिलं, अतिवृष्टीमुळे. लिहिलं का, असं त्यांनी संध्याकाळी विचारलं. मी हो म्हणालो.

गुरुवारी दुपारी भराव रस्त्याच्या पातळीला आला. वीतभर मुरूम, त्यावर पाणी, त्यावर रोलर, ही खरी पद्धत. पण वरून सारखे फोन येत होते, म्हणून शेवटचे तीन हात नुसतेच ओतले होते. पलीकडे काकांच्या बायकोला न्यायला जीप येऊन उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, हळूहळू काढतो. काका कमरेला दोर बांधून भरावावर गेले, सब्बल आपटली, ऐकलं. पुन्हा आपटली. या वेळी मलाही ऐकू आलं.

"बोलते," ते म्हणाले. "उकरून पुन्हा दाबा लागन. आज नाई."

मी म्हणालो, "काका, आज गुरुवार आहे."

"मले मालूम हाय. जीपीत ती एकटी नसन, साहेब. डायवर असन, तिचा भाऊ असन. खुर्चीत न्याची म्हनलं त याच भरावावर चार जणं लागतीन."

ते माझ्याकडे पाहत राहिले. अधिकार माझा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "मग उद्या."

ते वर जाऊन तिला काय बोलले, मला माहीत नाही. त्या रात्री मी ताटातली भाकर नुसती मोडत बसलो. ती भिंतीजवळून म्हणाली, "जेवा भाऊ. घरी तुमचीबी वाट पाहून राह्यले असतीन."

शुक्रवारी भराव उकरून पुन्हा दाबून झाल्यावर भरलेला टिप्पर त्यावरून तीनदा नेला. तिन्ही वेळा काका खाली, भरावाच्या पायथ्याशी उभे होते. नंतर तिला घेऊन जीप निघाली. ती यवतमाळला पोचली, तिला मशीनवरही घेतलं. रविवारी ती गेली. एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. ते कदाचित सगळ्यांनाच तसं म्हणत असतील.

दिवस-कार्य उरकून काका कामावर आले. सगळं पूर्वीसारखं, फक्त त्या भरावावरून ते कधी चालले नाहीत. सातवं वळण आलं की नाल्यात उतरायचे आणि पलीकडे चढायचे. मी भेटलो की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारायचे, "गुरुवारी जीप घातली असती त भराव टिकला असता का?"

"नसता टिकला, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं ते मला विचारत राहिले आणि एकदाही न अडखळता मी तेच उत्तर देत राहिलो. मला ठाऊक नव्हतं. भराव पोकळ होता, पण एक जीप, हळूहळू, कदाचित निघाली असती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि कुणालाच सांगितलं नाही.

काका गेल्याचं मला झरी जामणीला कळलं, तिथे माझी बदली झाली होती. त्यांच्या घरच्यांना भेटून परतताना मी सातव्या वळणावर गाडी थांबवली. उगाच वाकून भरावाची पातळी पाहिली. इतक्या पावसाळ्यांत, इतक्या ट्रकांखाली तो एक सूतही बसलेला नाही. गुरुवारी काय झालं असतं, ते त्यावरून कळत नाही.