बायकोचं दृढीकरण

बिशपसाहेब आमच्या धाराशिवच्या ख्रिस्ती मंडळीत चार-पाच वर्षांतून एकदा येतात. त्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तान्ह्या लेकरासाठी दिलेली वचनं ते मूल आता स्वतःच्या तोंडानं देतं. मग बिशप डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचं बळ मागतात. त्यानंतरच वेदीपाशी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर मिळते.

या खेपेला त्या मुलांत माझी बायकोही होती.

ती कळंबकडच्या हिंदू शेतकरी घरातली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, पण दृढीकरण राहून गेलं. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा तिच्या वडिलांचं आजारपण, एकदा नुसतंच "पुढं बघू". प्रभुभोजनाला सगळे उठले की बायकांच्या बाजूला ती एकटी बाकावर उरायची. माझं काम हिशेब तपासण्याचं; अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही. त्यामुळं यंदा ती आपणहून मंडळीच्या पाळकांना "मलाबी शिकवणीला बसवा" म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

शेवटच्या शिकवणीला मी तिला न्यायला गेलो होतो. माझ्यादेखतच तिनं विचारलं, "पाळकसाहेब, श्रावणात मी आईसंगं येडशीला रामलिंगाच्या देवळात जाते. त्याचं कसं करायचं?"

"तिथं आईचा हात धरायला जाता, की हात जोडायला?"

"दोन्ही."

पाळक म्हणाले, "मग 'होय' म्हणायच्या आधी तुम्हीच ठरवा. मी सांगून उपयोग नाही."

घरी आल्यावर मी विचारलं, "अगं, मग काय ठरलं?"

"अहो, बाप्तिस्म्याला बोलले ते मामंजींच्या शब्दाखातर. आता तुमच्या शब्दाखातर बोलू का?"

त्या आठवड्यात माझी बेरीज दोनदा चुकली. ती नाही म्हणाली तर लोक काय म्हणतील, याची भीती होतीच. पण ती फक्त माझ्यासाठी हो म्हणाली तर काय, हे त्याहून जास्त टोचत होतं. मधेच ती एक दिवस कळंबला आईकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी बिशपांनी विचारलं, "बाप्तिस्म्याची वचनं तुम्ही स्वतः स्वीकारता का?"

मुलं एका सुरात म्हणाली, "होय, स्वीकारतो."

तिचं तोंड मिटलेलंच होतं. बिशप पुढचं वाचायला लागले, तिच्याकडं पाहून थांबले. पाळकांनी मान खाली घातली.

"व्हय," ती म्हणाली. "स्वीकारते."

बिशपांनी तिच्या डोक्यावरच्या पदरावर हात ठेवला.

श्रावणातल्या सोमवारी मी मायलेकींना येडशीला घेऊन गेलो. सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत; बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला होता. देवापुढं सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"हात जोडणार न्हाईस?"

"न्हाय आई. सांगितलं व्हतं की. तुजा धरलाय न्हवं?"

"मग नीट धर. न्हायतर म्हातारी घसरंल आन् बोल तुज्या देवाला लागंल."

दोघी हसल्या. परत येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, व्हय म्हणायच्या आधी ही मला इचारून गेली, लई रडली. तुमीबी असंच केलं व्हतं का?"

"चौदा वर्षांचा होतो. सगळ्यांनी हो म्हटलं, मीही म्हटलं."

"बरं," म्हणत त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला बायको पदर सावरत उठली, वेदीकडं निघाली. शेजारच्यानं मला कोपरानं ढोसलं. मी अजून बसूनच होतो.