एका दाराचा साइडबोर्ड

साइडबोर्ड, म्हणजे जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवायचं बुटकं कपाट, मी स्वतः करणार, असं जेवताना सांगितलं तेव्हा नवरा हसला नाही, गंभीर झाला. हसला असता तर बरं झालं असतं. तळोज्याच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई रविवारी बाल्कनीत करवत घेऊन बसणार, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. हात धुवायला उठून गेल्या. त्यांचं न बोलणं मी विरोधातच धरलं, तशी सवय होती.

लाकूड पाइनचं. बंदरात येणाऱ्या मालाची खोकी मोडून निघालेल्या फळ्या उरणच्या रस्त्याला विकायला असतात, तिथून आणल्या. काम शिकले फोनवरच्या व्हिडिओंवरून. व्हिडिओतल्या माणसाची फळी नेहमी सरळ असते. माझ्या फळ्या पनवेलच्या दमट हवेत फुगायच्या, वाकायच्या आणि मी त्यांना शिव्या घालायचे. खालच्या मजल्यावरून ठकठकीची तक्रार आली, तेव्हा नवऱ्याला आनंद झालेला लपवता आला नाही. सासूबाई तर बाल्कनीत पाऊलच ठेवेनात. वाळलेले कपडेसुद्धा मलाच काढून द्यायला सांगायच्या.

तरी सांगाडा उभा राहिला, कप्पे बसले, एक दार लागलं. दुसरं पावसाळ्यात फुगलं होतं, ते चौकटीत जाईना. रंध्याने कड तासली की काम संपलं असतं. एवढ्यात नवऱ्याने मुदत घातली. दसऱ्याला त्याची बहीण जेवायला येणार होती. तोवर झालं नाही तर तो तयार साइडबोर्ड मागवणार आणि माझा भंगारवाल्याला देणार. हे तो चिडून बोलला नाही, दूध आणायला हवं म्हणावं तसं बोलला. म्हणूनच तो तसं करणार याची मला खात्री होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. अंघोळ करून बाल्कनीत आले तर हत्यारांची पेटी रिकामी. रंधा, करवत, पटाशा, हातोडी, सगळं देवापुढे पाटावर मांडलेलं. कडेला नवऱ्याच्या स्कूटरची किल्ली. सासूबाईंनी हत्यारं साबणाने धुतली होती. रंध्याच्या पात्यावर पाणी तसंच, त्यावर हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल. पातं गंजणार हे दिसतच होतं. मी रंधा उचलायला वाकले.

"आज खंडेनवमी हाय," त्या म्हणाल्या. "हत्यारांना हात लावाचा नाय."

तासाभराचं काम आहे, उद्या पाहुण्यांच्या गडबडीत जमणार नाही, असं मी सांगून पाहिलं. पूजा उतरली की घे, एवढंच त्या म्हणाल्या. माझं डोकं सणकलं. घरात हातोडी वाजलेली ज्यांना खपत नव्हती, त्यांना आजच बरी हत्यारांची आठवण झाली. देवाला मध्ये घालून मला अडवायची ही युक्ती छान आहे, असं मी भांडी घासता घासता त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. त्यांनी ऐकलं, आणि झेंडूचा हार ओवत राहिल्या. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

दसऱ्याला सकाळपासून पुऱ्या, भाजी, श्रीखंड. रंध्याला हात लावायला सवड कुठली. नणंद आली, आपट्याची पानं देऊन झाली, आणि तिने साइडबोर्डकडे बघून विचारलं की दुसरं दार कुठे गेलं. नवऱ्याने लगेच फोन काढला. त्याने तयार साइडबोर्ड निवडून ठेवला होता. तो बहिणीला दाखवत, आज मागवला तर दिवाळीआधी येईल, असं सांगू लागला. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभी होते. हरले, असं स्वच्छ वाटलं.

सासूबाईंनी त्याच्या फोनवर हात ठेवला. घरात आहे तोच राहील, म्हणाल्या. दार राहिलं ते आपण सुनेची हत्यारं पूजेला बसवली म्हणून, असंही त्यांनी सांगितलं. नणंदेला हसू आलं. बाईमाणसाची कसली हत्यारं, आपल्याकडे कधी पूजली होती का, असं तिने विचारलं.

सासूबाईंनी लग्नानंतर कितीतरी वर्षं उरणच्या बाजूला मिठागरात डोक्यावरच्या टोपलीतून मीठ वाहिलं होतं. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे.

"नवमीला बाप्यांची फावडी पूजेला बसाची," त्या म्हणाल्या. "आमी पन तेवडंच राबलो. आमची टोपली कदी कोनी पाटावर ठेवली नाय."

नवऱ्याने फोन खिशात घातला. मी पुऱ्या आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. सासूबाई मागून आल्या. पदराने त्यांनी माझा चेहरा पुसला, आणि उद्या दार तासशील तेव्हा मला बाल्कनीत बोलाव, म्हणाल्या, पलीकडून धरायला कुणीतरी लागेल.