सरदारणीचं माहेर

लेकीनं इंजिनिअरिंग केलं नाही, याचा राग मी बरीच वर्षं जपला. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "लेक काय करते हल्ली?" की मी "पीएचडी" एवढंच सांगून वरणाच्या पातेल्याकडे सरकायचो. पण एखादे काका पिच्छा सोडायचे नाहीत. कशात? इतिहासात. मग शिवकाल का? नाही, फ्रान्स. मध्ययुगातली एक सरदारीण. त्यावर काका "अच्छा" म्हणायचे आणि तो "अच्छा" मला घरी पोचेपर्यंत टोचत राहायचा.

त्या सरदारणीशी माझी ओळख जेवणाच्या टेबलावर वाढली. लेक सुट्टीत आली की पिठलं-भात कालवता कालवता तिच्या गोष्टी सांगायची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती चार दिवसांच्या वाटेवरच्या किल्ल्यात आली. नवरा धर्मयुद्धाला गेला तो परतलाच नाही. पदरात तीन मुलं, थोरला अजून अज्ञान, आणि दीर जमिनीवर डोळा ठेवून बसलेला. बाईंनी धान्य आत भरून घेतलं, दरवाजे लावले आणि दिराला निरोप धाडला की मुलगा वयात येईपर्यंत इथे शिक्का माझा चालेल. तो शिक्का खरंच होता. लेकीनं मला फोटो दाखवला. मेणाचा, दोन्हीकडे निमुळता, मधे उभी बाई. एका हाताला नवऱ्याच्या घराण्याची ढाल, दुसऱ्या हाताला वडिलांच्या. मी जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली, लाइन बंद पडली की भल्याभल्या मॅनेजरांची गाळण उडालेली पाहिली आहे. ही बाई त्या सगळ्यांना पुरून उरली असती. मी तिला 'आपल्या बाई' म्हणायला लागलो. त्या दिराचा विषय निघाला की मला अजूनही संताप येतो.

लेकीचं घोडं अडलं ते एका दानपत्रावर. उतारवयात बाईंनी जन्मगावची एक पाणचक्की तिथल्या मठातल्या जोगिणींना दिली, कुणाला न विचारता, स्वतःच्या हक्कानं, असं लेकीचं म्हणणं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. पण पत्रात लिहिलं होतं की हे दान मी माझ्या वडिलांच्या घरी बसून दिलं. आणि साक्षीदारांत जो बिशप होता तो पदावर आला बाईंचे वडील वारल्यावर कित्येक वर्षांनी. तेव्हा त्या घरात बाईंचा भाऊ नांदत होता. त्या भावाला एक मुलगी होती, आत्याच्याच नावाची. तिच्या गाइड प्रोफेसरांचा हिशोब सरळ होता. जिचे वडील त्या घरात हयात होते ती ही भाची, तेव्हा दान भाचीचं. प्रकरण काढून टाक.

डिसेंबरात लेक आली ती तोंड पाडूनच. "बाबा, आय थिंक ही इज राइट," ती म्हणाली. "त्या चॅप्टरमध्ये मी चार वर्षं चुकीच्या बाईच्या मागे होते." मी बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला. तो मी तासाभरापूर्वीच काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोहे खात होतो आणि बायको साताऱ्याला तिच्या वहिनीशी फोनवर बोलत होती. "तिकीट बुक केलंय, वहिनी. आधी पुण्यात दोन दिवस, मग बाबांकडे. बाबांकडे चांगली तीन आठवडे राहणार."

फोन ठेवल्यावर लेकीनं विचारलं, "आई, आजोबा जाऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

"मग बाबांकडे काय? तिथे मामा राहतो. इट्स हिज हाउस. मामाकडे म्हण ना."

"मामाकडे तू म्हण. मला ते बाबांचंच," बायको म्हणाली. "माहेर आहे ते. भाऊ राहतो म्हणून भावाचं होतं का?"

लेकीनं चमचा खाली ठेवला. "से दॅट अगेन," ती म्हणाली. बायकोला वाटलं, उलट बोलतेय. पण लेक उठून लॅपटॉपकडे गेली होती आणि पोहे तसेच निवत राहिले.

दोन दिवसांनी सापडलं. बाईंनी थोरल्या मुलाला लिहिलेलं एक पत्र, त्यांच्याच शिक्क्याचं, ज्याबद्दल प्रोफेसरांनाही शंका नव्हती. त्यात होतं, 'बर्फ वितळला की मी माझ्या वडिलांच्या घरी जाईन.' वडील तेव्हा कधीच गेले होते. हे वाक्य लेकीनं दहादा वाचलं होतं आणि दहाही वेळा ते नजरेतून सुटलं होतं. मी म्हटलं, "मग जिंकलीस की." तिनं मान हलवली. "नाही बाबा. एका वाक्यानं प्रूव्ह नाही होत. पण आता पॉसिबल आहे."

प्रोफेसरांनी कुरकुर केली, आणखी कुणी बाई असं लिहिते का ते शोधायला सांगितलं. तशा दोघी सापडल्या. प्रकरण राहिलं. त्यात तळटिपेत 'माहेर' हा शब्द आहे आणि तो समजावणारी म्हणून आईचं नाव आहे. आता मंडळात कुणी विचारायच्या आतच मी फोन काढून ती तळटीप दाखवतो. काका लोक मला बघून वरणाच्या पातेल्याकडे सरकतात.

लेक आता टेक्सासात अर्विंगजवळच्या कॉलेजात शिकवते. लग्न करून तिथेच घर केलंय. दिवाळीच्या आधी आमच्या तिघांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला, 'फ्रायडेला येतेय. बाबांकडे.'

"घराच्या कागदांवर माझंही नाव आहे म्हणावं," बायको म्हणाली. मी खूप हसलो.

मग लेकीच्या खोलीतली चादर बदलायला वर गेलो, आणि तिथे लक्षात आलं की मी नसेन तेव्हाही ती असंच म्हणेल. हातात उशी होती. तिला अभ्रा घालायला मला बराच वेळ लागला.