अण्णांचा ओला अंगठा

मुलाचं घर बघायला आलेला मुलीचा बाप आधी मुलाकडे बघतो. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, आमच्या मलकपेठच्या घरात शिरल्याबरोबर चहाचा टीपॉय उलटा केला. खिशातल्या चाकूने खालून खरवडलं, अंगठा जिभेला लावून तिथे चोळला, वास घेतला आणि जाहीर केलं, "वरून शिसम, आतून आंबा." मग माझ्याकडे वळले. "मुलगा काय करतो?"

निघताना मात्र पुढच्या दाराशी रेंगाळले. लहानपणी मी त्यावर चाकूने आगगाडीचं इंजिन कोरलं होतं. चौथं चाक कोरायच्या आत बाबांनी चाकू हिसकावला होता. "जुनं सागवान," अण्णा म्हणाले. "या घरात खरं बोलणारं एवढं एकच."

हेडक्लार्कीतून सुटल्यावर अण्णा शहरात पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक घरापुढे हजर राहू लागले, लोक मयताला जातात तसे. हिमायतनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत पुस्तकांच्या फळ्यांना बिजागऱ्यांच्या खाचा होत्या. पलंग कुठल्याशा देवडीच्या दाराचा, उशाशी कडी तशीच. दुपारी पाहुण्याने कूस बदलली की ती वाजायची आणि अण्णा ओरडायचे, "कौन है?"

माझ्या नव्या स्वयंपाकघराची कपाटं बघून म्हणाले, "पुठ्ठा आहे, जावईबापू. नळ गळला तर खिचडी." नळ गळला. खिचडी झाली. अण्णा ती बघायला मुद्दाम बस पकडून आले.

जुन्या लाकडाच्या अड्ड्यावर ते मला ओढून न्यायचे.

"असली बर्मा सागवान है साब!" दुकानदार म्हणायचा.

अंगठा ओला. "हौ मियाँ? ये नीम बर्मा कब गया था?"

"साब, चाटो नक्को! गिराकां खडे हैं!"

मी तोवर पानाच्या टपरीशी जाऊन, ओळख नसल्यासारखा उभा असायचो.

मलकपेठचं घर पाडून फ्लॅट करायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी आयुष्यात एकदाच माझ्याकडे काही मागितलं. "ते दार तेवढं मला ठेवा." मी हो म्हणालो. पण बिल्डर, ऑफिसातले लोक, शेजारीपाजारी जमलेले आणि त्यांच्यादेखत माझे सासरे दाराला थुंकी लावताहेत, हे चित्र माझ्याने सोसवेना. दार मी घर पाडणाऱ्या ठेकेदाराला नेऊ दिलं. अण्णांना सांगितलं, "वाळवी लागली होती. भुगा झाला."

"जुन्या सागाला?"

"हो. आतून."

"आतून," अण्णा म्हणाले. "असेल."

जुन्या सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी त्याच्या वाट्याला जात नाही. हे अण्णांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. पण ऐकलं कुणी?

काही महिन्यांनी त्यांच्याकडे जेवणाचं नवं टेबल आलं. मला हाताला धरून एका ठरावीक खुर्चीवर बसवलं. ताट वाढलं गेलं. ताटाशेजारी इंजिन होतं, तीन चाकांचं. बाकी सगळ्या टेबलावर रंधा फिरवला होता, तेवढा तुकडा सोडून.

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

"अड्ड्यावर. बेवारस पडलं होतं." आणि मुलीला, "अगं, जावयांना पोळी वाढ."

पुढे प्रत्येक सणाला तीच खुर्ची, तेच इंजिन. पुरणपोळी घशाशी आली की अण्णा मायेने विचारायचे, "टेबल डुगडुगत नाही ना, जावईबापू?" वाळवीचं खोटं माझ्या बायकोला त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. तीही हे इथेच पहिल्यांदा वाचेल.

अण्णा गेल्यावर टेबल माझ्याकडे आलं. माझी मुलगी म्हणते, तेवढा खडबडीत तुकडा घासून घेऊ. मी घासू देत नाही.

शेवटी शेवटी अण्णांचं जेवण पेजेवर आलं होतं. एका दुपारी टेबलाशी आम्ही दोघेच होतो. मी इंजिनावर बोट ठेवलं. "अण्णा, हे आमचं दार. मी खोटं बोललो. वाळवी लागली नव्हती."

त्यांनी चमचा खाली ठेवला. अंगठा जिभेला लावला, माझ्या मनगटावर चोळला आणि वाकून वास घेतला.

"लागली होती," अण्णा म्हणाले. "दाराला नव्हती."