आतून लागणारी कडी

आमच्या घरातले सगळे पासपोर्ट एका चेनच्या निळ्या पाकिटात असतात. माझा, बायकोचा, दोन्ही मुलांचा आणि मावशींचा. पाकीट लॉकरमध्ये, बायकोच्या पाटल्यांशेजारी. मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. आमच्याकडे दुबईत स्वयंपाकाला आल्या, त्या दिवशी मीच त्यांचा पासपोर्ट मागून घेतला आणि म्हणालो, "इथे सुरक्षित राहील. तुम्ही आता घरच्याच." त्यांनी लगेच दिला. मला ते विश्वासाचं लक्षण वाटलं.

मी रास अल खोरमधल्या एका गोदाम कंपनीत एचआरमध्ये आहे. नवीन कामगार आले की पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर मीच उभा राहतो आणि सांगतो, "पासपोर्ट आपका है, आपके पास ही रहेगा. कोई माँगे तो मुझे बताओ." जेवणाच्या हॉलमध्ये तसा फलकही आहे, त्याचा हिंदी मजकूर माझा. हे मी अगदी मनापासून सांगतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा लॉकरची किल्ली माझ्याच खिशात असते. मला यात विसंगती दिसली नाही, असं म्हणून सुटता येणार नाही. दिसू नये म्हणून मी तिकडे बघतच नव्हतो.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ऑफिसमधला एक मित्र बायकोला घेऊन जेवायला आला होता. मी रंगात आलो होतो. "अरे, आता सगळं एक होतंय. आखातातल्या सहाही देशांसाठी एकच टुरिस्ट व्हिसा येतोय. तिकडे सिग्नल तोडलास तर दंड इकडे दिसणार. सगळे कॉम्प्युटर जोडलेत."

"म्हणजे बायकोपासून मस्कतला पळून जायची सोय गेली म्हण की!" मित्र म्हणाला.

"खलास," त्याची बायको म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

मावशी आमटी वाढत होत्या. त्या थांबल्या. "जुनं पण दिसतं काय भाऊ त्याच्यात?"

"सगळं दिसतं मावशी. आता काही लपत नाही," मी ऐटीत म्हणालो. खरं तर मला त्यातलं अर्धंमुर्धंच माहीत होतं.

डिसेंबरच्या जोडून आलेल्या सुट्टीत गाडीने मस्कतला जायचं ठरलं. मावशींनाही न्यायचं, हा माझाच विचार. त्यांना कळल्याबरोबर त्या म्हणाल्या, "मी नाय येत भाऊ. तुम्ही जाऊन या."

"अहो मावशी, ह्यांनी व्हिसाचं सगळं केलंय," बायको म्हणाली. "एकट्या घरात काय करणार?"

"झोपेन."

"बाबा, मेबी शी जस्ट वॉन्ट्स अ ब्रेक फ्रॉम अस," मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. आपल्याकडे 'नको' हा शब्द कोणी खरा मानतो का? पंगतीत पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, तरी आपण जिलबी सोडतोच. मावशी परत नको म्हणाल्या, तेव्हा मी "खाडीकाठच्या तुम्ही, पाण्याला घाबरताय काय?" म्हणून चिडवलं. अजून एकदा म्हणाल्या, तेव्हा "तुमच्याशिवाय पोरं जेवायची नाहीत" असं सांगितलं. मग त्या गप्प झाल्या. मी त्याला होकार समजलो.

हत्ता गावाच्या पुढे ओमानच्या सीमेवर मोठी रांग होती. आमच्यापुढे सात-आठ गाड्या असतील. मी निळं पाकीट मांडीवर घेऊन पासपोर्ट काढत होतो. इतक्यात मागून माझ्या खांद्यावर हात आला. एवढ्या वर्षांत मावशींनी मला कधी स्पर्श केला नव्हता.

"भाऊ, गाडी वळवा. पाया पडते तुमच्या."

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे येण्याआधी त्या दुसऱ्या एका आखाती देशात एका घरी कामाला होत्या. त्या घरानेही पासपोर्ट ठेवून घेतला होता. आई आजारी पडली म्हणून त्यांनी तो मागितला, तेव्हा मिळाला नाही. परत मागितला, तर फोनही काढून घेतला. एका शुक्रवारी घरातले नमाजाला गेले असताना त्या अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या आणि आपल्या दूतावासात पोचल्या. घरमालकाने पळून गेल्याची तक्रार केली होती. दूतावासाने कागद करून त्यांना मायदेशी पाठवलं. आई तोवर गेली होती.

"तिथं माझ्या बोटांचे ठसे घेतलेले, भाऊ. तुम्हीच बोललात ना, सगळं जोडलंय. मला इथनं धरून तिकडं पाठवलं तर?"

मी काय केलं ते लिहितो. आधी मी ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, "इथला व्हिसा मिळाला ना तुम्हाला? मग तिथेही काही होणार नाही. मी आहे ना." आणि ते बोलत असतानाच हॉटेलचे बाराशे दिरहॅम, म्हणजे तीस-एक हजार रुपये, बुडतील हेही माझ्या मनात येऊन गेलं. रांग एका गाडीने पुढे सरकली. मीही गाडी पुढे घेतली.

"अहो, वळवा ना!" बायको ओरडली. सहलीला सर्वांत जास्त नटलेली तीच होती.

मी उतरून पोलिसाला सांगितलं की मुलाला उलट्या होतायत. त्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने मान्य केल्यासारखी मान खाली घातली. "यल्ला, यल्ला," म्हणत पोलिसाने अडथळा बाजूला केला.

हत्ताच्या रस्त्यावर एका बाभळीखाली गाडी थांबवली. बायकोने मावशींना पाणी दिलं. मी पाकिटातून त्यांचा पासपोर्ट काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमच्याकडेच ठेवा, भाऊ. मी कुठं ठेवू?"

मला आधी कळलंच नाही. घरी आल्यावर कळलं. स्वयंपाकघराला लागून त्यांची खोली आहे. तिथेच आमचं इस्त्रीचं टेबल, प्रवासाच्या बॅगा, तांदळाची पोती. दाराला कडी नाही. आम्ही कोणीही केव्हाही आत शिरतो, मुलं तर लपाछपी तिथेच खेळत मोठी झाली. आमच्या घरात त्यांची अशी एक वीतभर जागा नव्हती.

सुट्टी संपल्यावर ऑफिसच्या वकीलबाईंना, मावशींचं नाव न सांगता, विचारलं. त्या म्हणाल्या, नुसती तक्रार सीमेवर दिसेलच असं नाही, पण खटला झाला असेल तर सांगता येत नाही. तिथल्या वकिलाकडून चौकशी करता येईल. "पण त्यांची इच्छा असेल तर," त्या म्हणाल्या. "तुमची नव्हे."

मी मावशींना विचारलं. या वेळी एकदाच विचारलं. त्या दोन दिवस विचार करून म्हणाल्या, "बघू दे काय ते. पण नाव निघालं तर आधी मला सांगायचं. वहिनींना पण नाय." उत्तर अजून आलेलं नाही.

कडी आणायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार मल्याळी. कशाला हवी ते ऐकून त्याने विचारलं, "मेड का रूम? बाहर से लगाना है या अंदर से?"

"अंदर से," मी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो.

बॅगा आणि पोती आमच्या बाल्कनीत गेली. मावशींच्या पासपोर्टसाठी किल्लीचं छोटं कपाट आलं, किल्ली त्यांच्याकडे. इस्त्रीच्या टेबलाला मात्र दुसरी जागाच सापडली नाही.

परवा सकाळी मला शर्टाला इस्त्री करायची होती. सवयीने दार ढकललं. उघडलं नाही. मी शर्ट हातात धरून उभा राहिलो, मग बोटाने दारावर टकटक केली.

"मावशी, येऊ का?"

"थांबा जरा," आतून आवाज आला.

मी थांबलो.