बिरसी ते नागपूर, वीस मिनिटं

आमच्याजवळच्या बिरसीच्या विमानतळापासून नागपूरचं विमानतळ वीस मिनिटांवर आहे. हे मी लेकीच्या लग्नाआधी छातीठोकपणे सांगितलं, आणि तेव्हापासून घरात मला किती वाजले हेही कोणी विचारत नाही.

मी तीस वर्षं आमगावला भूगोल शिकवला. माझा साळा रमेश हैदराबादला असतो. तो म्हणाला, "भाऊजी, बिरसीचं तिकीट भेटून नाही राहिलं. नागपूरले उतरतो, पण एक दिवस आधीच निघतो." तर मीच त्याला अडवला. मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. सरळ रेषेतलं अंतर आलं, त्याखाली विमानाला लागणारा वेळ आला. (पट्टी घेऊन नकाशावरही मोजलं. सवय जात नाही.)

"कायले सुटी वाया घालवतो? लग्नाच्या दिवशी तीनले नागपूर, साडेतीनले बिरसी. मी घ्यायले येतो."

बायको म्हणाली, "बराबर पाह्यलं ना जी? मामा नसला तर पोरीले मांडवात कोण आणणार?"

"मी जन्मभर अंतरंच शिकवली," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी साडेतीनला मी हार घेऊन बिरसीच्या फाटकाशी उभा. फोन वाजला.

"भाऊजी, नागपुरात उतरलो. बिरसीचं विमान कुठून भेटते? इथं तर सारे हसून राहिले."

मी मोबाइलमध्ये पुन्हा पाहिलं. वेळ बरोबर होता. अंतरही बरोबर होतं. फक्त विमान नव्हतं.

"असतं तर वीसच मिनिटं लागली असती," मी म्हणालो. रमेशनं फोन ठेवला. मग टॅक्सी पाहायला गेला.

हार घेऊन मी तसाच घरी परतलो. मुहूर्त सहाचा. सव्वासहाला फोन आला की टॅक्सी धानाच्या ट्रकांमागे रेल्वे फाटकावर अडकली आहे. आत माझी वैशू नवरीच्या साडीत बसलेली. "मामा आल्याबिगर मी उठत नाही," म्हणाली आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. बायको माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "आता करा काही."

नवरदेवाची सौंदडची वरात दारापासून शंभर पावलांवर आली होती. वराती नाचून दमले, बँडवाले वाद्यं उतरवायला लागले. वरात दारात आली की लग्न लावणारे महाराज कोणासाठी थांबणार नव्हते. मी धावत गेलो.

"काऊन थांबले? वाजवा अजून."

"काका, नाचणारं कोणी नाही राह्यलं," बँडवाला म्हणाला.

मग मी नाचलो. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. (वरातीत नाचू नका म्हणून मी शाळेत दरवर्षी भाषण द्यायचो. ते ऐकलेली चार पोरं मोबाइल धरून समोरच उभी होती.) पाऊण तास नाचलो. व्याही हात धरून म्हणाले, "सर, बस झालं, तुम्ही तर पोरीकडचे आहात." मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा नाचलो.

सातला टॅक्सी आली. रमेश उतरून सरळ आत गेला आणि भाचीला मांडवात घेऊन आला. अक्षता पडल्या तेव्हा मी खुर्चीत होतो, उठता येत नव्हतं.

पाठवणीला वैशू गळ्यात पडली. "बाबा, सौंदड काही दूर नाही ना?"

मी तोंड उघडलं.

"त्याहिले नोको विचारू, बाई," मागून बायको म्हणाली.

मी तोंड मिटलं. खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी ते फार लांब वाटत होतं, आणि या खेपेला मी काहीच मोजलं नव्हतं.